भरलेली टाळू

टाळूवर तेल जिरवताना सरजाबाईचा अंगठा थांबला.

रोज तिथं नाडी मऊ उडायची. आज टाळू फुगून कडक झाली होती. आरतीचं दीड महिन्याचं लेकरू किंचाळल्यागत रडत होतं. डावा हात झाडत होतं, उजवा मात्र लोंबत होता.

"आरती, ऊठ. नांदेडला न्यायचं. आत्ता."

"पोटात वारा धरला असंल," आरतीची सासू गुणाबाई म्हणाली. "ओव्याचा शेक देऊन बघू."

"तू घे शेक. आम्ही निघालो."

हदगावहून जीप दोन तासांत पोचली. डॉक्टर जोहरांनी मेंदूचा फोटो काढला. कवटीच्या आत, मेंदूभोवती रक्त साचलं होतं. त्याच्या दाबानं मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता.

"म्हणून उजवा हात गेलाय. लकवाच हा."

"एवढ्याशा जिवाला लकवा?" गुणाबाईला खरं वाटेना.

"बाळाला कोणी गदागदा हलवतं का? पाय धरून झुलवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

गुणाबाईनं थेट बोट दाखवलं. "न्हाऊ घालायला हीच येती. इचारा हिला."

"आत्याबाई, काहीबाही बोलू नका," आरती म्हणाली. "सीझरनंतर मी शुद्धीवर यायच्या आधीपासून लेकरू मावशीच्या हातात हाय. कधी झुलवलं न्हाई त्यांनी."

आजवर तीनेकशे लेकरं सरजाबाईनं पायांवर घेतली होती. असलं बोट तिच्याकडं कोणी केलं नव्हतं.

टाळूतूनच बारीक सुई घालून रक्त काढलं. चार दिवस सरजाबाई काचेबाहेर बसून राहिली. पाचव्या दिवशी तिला आत घेतलं. तिनं आपलं बोट त्या उजव्या मुठीत ठेवलं.

मूठ मिटली.

"मेंदूचा जो भाग गेला, त्याचं काम शेजारचा भाग शिकतोय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "या वयात होतं असं. दर वेळी बघते, दर वेळी नवल वाटतं. याला मार लागलेला नाही, हाड मोडलेलं नाही. रक्तच गोठत नव्हतं. आणि मावशी, अजून उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं."

गुणाबाईनं सरजाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझी जीभ झडो, बाई."

"पण रक्त का गोठत नव्हतं?" आरतीनं विचारलं.

"जन्मल्यावर मांडीत एक सुई देतात, त्यासाठीच. याला ती मिळालीच नाही. बाळंतपण झालं तिथल्या सिस्टरला मी फोन केला. म्हणाली, ऑपरेशन थेटराबाहेर एका बाईनं बाळ पदराखाली झाकलं. कोवळ्या अंगाला सुई लावू देणार न्हाई म्हणून भांडली, सुई परत पाठवली. कोण होती ती?"

गुणाबाईचं डोकं अजून पायांवरच होतं.

"मी," सरजाबाई म्हणाली.