वजा नऊ

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. चिपळूणच्या भार्गवराव आणि यमुताईंची हृदयं एका वायरीनं जोडलेली होती. म्हातारपणी सगळ्याच नवराबायकोंना डॉक्टर तशी जोडून द्यायचे, म्हणजे एकाचं हृदय दमलं की दुसऱ्याचं त्याला करंट पुरवायचं.

"ही माझ्या करंटवर जगते," असं भार्गवराव येईल त्याला सांगायचे. एकदा भांडणात त्यांनी वायरीलाच हात घातला.

"काढतोच! बघू किती टिकतेस!"

"बाबा, थांबा!" लेक रेवती मीटर घेऊन धावली. करंट बाबांकडून आईकडे जातो असं धरून तिनं मीटर लावला. आकडा आला वजा नऊ.

"बिघडलाय तुझा मीटर."

"मीटर ठणठणीत आहे. आपण दिशा उलटी धरली, म्हणून वजा आलं. करंट आईकडून तुमच्याकडे येतोय. वायर काढलीत तर तुम्हीच जाल."

भार्गवरावांनी हात झटकन मागे घेतला.

"अगं, तुला ठाऊक होतं?"

"होतं की," भाजी निवडता निवडता यमुताई म्हणाल्या. "दमते मी आणि ओरडता तुम्ही. मला कळत नाही होय?"

त्या दिवसापासून भार्गवराव बायकोशी कधी भांडले नाहीत.

बरं बाई, हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं.