टाका धरेपर्यंत

“आजच ऑपरेशन करा, नाहीतर आम्ही पेशंटला मुंबईला हलवतो.” विश्वजीतने डॉक्टर रत्नमालांना तोंडावर सांगून टाकलं. खाली अँब्युलन्स उभीच होती.

त्याच्या वडिलांना, तात्यासाहेबांना, अटॅक आला होता. तो त्यांनी पित्त समजून दोन दिवस सोडा पिऊन काढला. पैठणहून संभाजीनगरला आणेपर्यंत हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं. आता मांडीतून घातलेल्या पंपाच्या जिवावर ते तग धरून होते.

“पडद्याचं मांस अजून कच्चं आहे,” रत्नमाला म्हणाल्या. “आज टाका घातला तर तो मांस चिरून निघून येईल. आठ दिवसांत कडा घट्ट होतील. तोवर ते टिकतील याची खात्री मी देत नाही. पण मुंबईपर्यंत तर नाहीच टिकणार.”

विश्वजीतला यातून एकच कळलं, बाई घाबरल्या. गावाकडून तासातासाला फोन येत होते आणि फोनवर तर सगळेच डॉक्टर. हलवा, हलवा.

वडिलांना सांगायला तो आत गेला. तात्यासाहेब म्हणजे उतावळा माणूस, एसटीची वाट बघण्यापेक्षा चालायला लागणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी भोक बुजवायचंय, पन मांस वलं हाय. आसंच ना?”

“व्हय.”

“मग वाफसा येऊ दे की. चिखलात औत हाकतं का कुनी?”

विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअर होऊन वाळूजच्या कंपनीत दहा वर्षं काढली, आणि एवढं कळू नये? तो खाली गेला आणि अँब्युलन्स परत पाठवली.

ते आठ दिवस सोपे नव्हते. सहाव्या दिवशी तात्यासाहेब इतके खालावले की विश्वजीतने स्वतःला हजार शिव्या घातल्या. त्या दिवशी रत्नमाला घरी गेल्याच नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. पाच तासांनी त्या बाहेर आल्या, “टाके धरले” एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तोंडातली नळी निघाल्यावर तात्यासाहेबांनी त्यांना जवळ बोलावलं.

“बाई, तुमी शेतकऱ्याच्या घरच्या दिसता. त्याबिगर इतकं थांबनं जमत नाय.”

रत्नमाला हसल्या. तात्यासाहेबांच्या हातावर त्यांनी हात ठेवला.

“नाही तात्या. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. तेव्हा मी डॉक्टरांना थांबू दिलं नाही.”