अकरा हजार

"हा फुसका निघाला, तर एकतीस वर्षांची अब्रू जाईल," तोफेत सरकवलेल्या गोळ्याकडे बघत विमलबाई पुटपुटल्या.

दारूगोळ्याच्या कोठारात त्यांनी नोकरी धरली, त्याच वर्षी हे गोळे आले होते. तेव्हापासून त्यांनी एकही पेटी जमिनीला टेकू दिली नाही की भिंतीला लागू दिली नाही. पावसाळ्यात पापडाचे डबे हुंगावेत तशा त्या ओलाव्याचा वास घेत रांगांतून हिंडायच्या. अंगातली वीज उतरवायला दाराशी तांब्याची पट्टी होती. तिला हात न लावता कुणी आत पाऊल टाकलं, की बाईंचा आवाज थेट फाटकापर्यंत जायचा. पण गोळा उडताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. आज निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना मुद्दाम चाचणीला बोलावलं होतं. हा नमुना फसला, तर अख्खा साठा बाद होणार होता.

हवालदार दुधाळांनी दोरी ओढली. पायाखालची जमीन हादरली. समोरच्या टेकडीचा एक कोपरा आभाळात गेला आणि माती कितीतरी वेळ खाली पडत राहिली.

"बाई, कालच भरल्यासारखा!" हवालदार ओरडले. बाई अजून त्या उडालेल्या कोपऱ्याकडेच बघत होत्या.

संध्याकाळी किल्ल्या सोपवायला त्या हवालदारांबरोबर कोठारात आल्या. पट्टीला हात लावला, छतापर्यंत गेलेल्या पेट्यांकडे बघितलं आणि काहीतरी कुजबुजल्या.

"बाई, आवाज बसला की काय तुमचा?"

"हळू बोला ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "आत अजून अकरा हजार आहेत."