चौसाळ्याची प्रश्नचिन्हं

"अजून प्रश्नचिन्हंच हायत, ताराबाई," चौसाळ्याच्या चारा केंद्रावरून राधाकिशनचा फोन आला. "आज तर लई दाट उगवलीत."

यंदाच्या दुष्काळात दुसरं काही उगवलंच नव्हतं. ताराबाईंनी कपाळावर हात मारला.

पशुपालक सहकारी संघाचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता, पुस्तकं चाळत आणि चुका करत. तो रोज प्रत्येक केंद्राला ईमेल करायचा: पाण्याचा टँकर कधी, कडब्याची गाडी कधी. पण मजकूर इंग्रजीच्या साच्यात कोंबायचा. मराठी अक्षर मावलं नाही की तिथं प्रश्नचिन्ह. ताराबाईंनी साचा बदलून मराठी मावेल असा युनिकोडचा केला. कड्याचं केंद्र वाचू लागलं, गेवराईचं वाचू लागलं. चौसाळा तेवढं अडून बसलं.

"सोमवारपर्यंत एकबी केंद्र राहिलं, तर काम पुण्याच्या कंपनीला," चेअरमन बबनरावांनी बजावलं होतं.

"विषयाची ओळ तरी दिसते का?" ताराबाईंनी विचारलं.

"थांबा... एक 'च' दिसल्यावानी वाटतंय."

"कुठं?"

"गेला."

ताराबाईंना हसू फुटलं. "राहू द्या. मी वाचते, तुम्ही लिहून घ्या."

रोज असंच. टँकरपासून निघालेलं बोलणं शेळीच्या बाळंतपणावरून फिरून "जेवलात का?" वर टेकायचं. ताराबाईंच्या एकटीच्या घरात एवढं हसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"ते काही नाही. रविवारी मीच येते."

पलीकडे राधाकिशन दोनदा खाकरला. मग बारीक आवाजात, "या."

एसटीत बसल्यावर ताराबाईंना स्वतःचंच नवल वाटलं. कंपनीची धास्ती होतीच. पण दुरुस्ती झाली की फोन बंद होणार, हे जास्त टोचत होतं.

राधाकिशन दारातच उभा होता. कडक इस्त्रीचा सदरा, नीट चोपून बसवलेले पिकले केस.

"आधी चहा घ्या."

"आधी कॉम्प्युटर. उद्या सोमवार हाय, विसरलात?" घाईत त्यांच्याही तोंडी त्याचीच बोली आली.

तो मान खाली घालून बाजूला झाला.

खोलीच्या मधोमध संघानं गेल्या वर्षी पाठवलेलं कॉम्प्युटरचं खोकं होतं. त्याची चिकटपट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती. वर धुतलेला टॉवेल अंथरून दोन कप चहा मांडला होता.