रंगात बुडवण्याआधी

“गाठ अशी आवळ, सूनबाई, की रंगाला आत डोकावायची छाती होता कामा नये!” लग्नानंतर सासूबाईंनी भरलेला दम सुनेच्या कानांत सकाळपासून घुमत होता. नातीच्या लग्नाच्या शेल्याचं सूत सासूबाईंनी हट्टाने एकट्यांनी बांधलं होतं. जिथे पांढरी फुलं हवीत, तिथे दोरा गच्च आवळायचा, सूत लाल रंगात बुडवायचं, मग विणायचं. पण गाठी सैल होत्या. रंग आत शिरला, की फूल जन्मात पांढरं व्हायचं नाही. सून रंगाच्या पातेल्याभोवती नुसती घुटमळत होती. “आई, रंग अजून कढत आहे.” “मघाशी गार झाला म्हणालीस! एक काय ते ठरव.” सासूबाई सुताची लडी घेऊन वाकल्या, तसं तिने त्यांचं मनगट धरलं. “आई, गाठी सैल आहेत हो!” सासूबाईंनी लडी तिच्या हातात दिली. “हल्ली बोटांना दोरा कळतच नाही गं.”