फोनमागचा खोकला

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात आपल्या घरी बसून ग्वेन औषध-विम्याच्या कंपनीचं काम करायची. जो डॉक्टर इतरांपेक्षा जास्त महागडी औषधं लिहून देई, त्याला फोन करून जाब विचारायचा, तोही गोड आवाजात. आज पाळी खेड्यातल्या डॉक्टर व्होलेकची होती.

"डॉक्टर, दम्याच्या प्रत्येक पेशंटला हाच महागडा पंप कसा काय? आधी स्वस्तातला देऊन बघा. त्यानं भागलं नाही, तर पुढचं बघू."

"एमिलच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, बाई," म्हातारा डॉक्टर म्हणाला. "नाही भागलं. मार्चमध्ये पुरला त्याला."

कंपनीनं शिकवलेलं 'ऐकून वाईट वाटलं' ग्वेननं म्हणून टाकलं. तेवढ्यात फोनमागे कुणीतरी खोकलं. कोरडा, लांबत गेलेला खोकला आणि शेवटी छातीतली बारीक शिट्टी.

"तुमचा पेशंट खोळंबलाय वाटतं. मी आटपतं घेते."

"माझ्याकडं कुणी नाही. आज दवाखाना बंद असतो." डॉक्टर म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याच घरात कुणी आजारी आहे."

"मी एकटीच राहते."

पुन्हा तोच खोकला, तीच शिट्टी.

"बाई," डॉक्टरचा आवाज खाली आला होता, "हा खोकला मी वर्षानुवर्षं एमिलच्या छातीला नळी लावून ऐकलाय. तो तुमच्याकडं काय करतोय?"

ग्वेननं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

खोकला आता जास्तच स्पष्ट ऐकू येत होता.