समुद्राकडची खोली

बायपासनंतर दिगंबररावांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. अंदमानातल्या एका छोट्याशा बेटावर आठवडाभर नुसतं पडून राहायचं. सुहासिनीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून तिथल्या होमस्टेवालीला फोन लावला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत हळूच विचारलं, "अचानक कुणाच्या छातीत दुखलं तर?"

"बोटीनं पोर्ट ब्लेअरला न्यावं लागतं, दीदी. पण समुद्र खवळला की बोट सुटत नाही."

त्यांनी फोन ठेवला. अँब्युलन्सची वाट पाहतानाचा नवऱ्याचा घामानं डबडबलेला, पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोर आला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अहो, खोल्या भरल्यात म्हणे."

"खोल्या आहेत, सुहास. बोटीचं मीही सकाळीच विचारलं तिला."

त्या शेजारी बसल्या. "आणि तरी जायचं म्हणता?"

"भीती मलाही वाटते गं. रोज झोपताना वाटते. पण इथं पंखा बघत घाबरण्यापेक्षा तिथं समुद्र बघत घाबरू."

 मग सुहासिनीबाईंनी पुन्हा तोच नंबर लावला. त्यांनी विचारलं, "समुद्राकडची खोली मिळेल का?"